शेतकी धोरणाचा अभ्यास व विद्यापीठांस अनुदान

संशोधन हा शब्द उच्चारला कीं आपल्या शेतकरी बंधूंच्या डोळ्यांपुढें बियाणें, खत, कीड आणि अवजार हीं चार प्रकरणें उभीं राहतात. तें स्वाभाविकच आहे. नव्या वाणाचा ऊंस एकरीं किती टन उतरतो, कापसावरील बोंडअळी कोणत्या उपायानें आवरते, ज्वारीच्या दोन ओळींत अंतर किती ठेवावें, या प्रश्नांचीं उत्तरें कृषि विद्यापीठांनीं द्यावीं व त्यासाठीं सरकारनें पैसा पुरवावा, याबद्दल कोणाचें दुमत नाहीं. परंतु विद्यापीठांतील एखाद्या अर्थशास्त्राच्या किंवा राज्यशास्त्राच्या अध्यापकास सरकारी धोरणाच्या अभ्यासासाठीं अनुदान मिळाल्याचें वृत्त आलें, म्हणजे पुष्कळांच्या मुद्रेवर निराळाच भाव उमटतो. हे गृहस्थ चार गांवें मोटारींतून पाहणार, शंभर कागद भरणार आणि आम्हांस ठाऊक असलेलेंच आम्हांस इंग्रजींत सांगणार, असा शेरा ऐकूं येतो. या शेऱ्यांत कांहीं तथ्य आहे. त्याचा विचार आम्ही पुढें करूं. तथापि त्यावरून हें अनुदान म्हणजे निव्वळ उधळपट्टी होय असा जो निष्कर्ष काढला जातो, तो शेतकऱ्याच्याच हिताच्या मुळावर येणारा आहे असें आमचें मत आहे, आणि म्हणून त्याविषयीं स्पष्टपणें लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

शेतकऱ्याच्या वर्षाचा जमाखर्च केवळ पाऊस आणि पीक यांवर ठरत नाहीं. कांदा पिकविणाऱ्यांस हें अधिक सांगावयास नको. १९ ऑगस्ट २०२३ रोजीं कांद्याच्या निर्यातीवर शेंकडा ४० कर बसला. त्याच वर्षीं ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ रोजीं ती बंदी उठली, परंतु शेंकडा ४० कर राहिला. पुढें सप्टेंबर २०२४ मध्यें तो शेंकडा २० वर आला आणि १ एप्रिल २०२५ पासून अजीबात निघाला. वीस महिन्यांच्या आंत निदान पांच मोठे फेरफार झाले. एवढ्या अवधींत जमीन बदलली नाहीं, विहीर बदलली नाहीं, पीक काढण्याची रीतहि बदलली नाहीं. बदलला तो हुकूम, आणि त्याबरोबर चाळींत साठविलेल्या मालाची किंमत.

आतां वाणाची गोष्ट पाहा. नवें वाण शेतकऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं तें संशोधन केंद्रावर कांहीं हंगाम लावून पाहतात. निरनिराळ्या जमिनींत व निरनिराळ्या पाऊसमानांत त्याची चांचणी घेतात. जुन्या वाणाशीं तुलना करतात. आणि मगच त्याची शिफारस होते. धोरणाचा हुकूम मात्र संध्याकाळीं निघतो आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं लासलगांवच्या बाजारांत लागू होतो. त्यामुळें शहरांतील गिऱ्हाइकास कांदा किती स्वस्त मिळाला, पिकविणाऱ्याचें किती गेलें, मधल्या व्यापाऱ्याच्या पदरांत काय पडलें, परदेशची पेठ कोणी नेली आणि ती परत मिळावयास किती काळ लागला, याचा हिशेब कोणी तरी मांडावयास हवा कीं नको? हा हिशेब मांडणें हेंच धोरणाच्या अभ्यासकाचें काम आहे. तें ज्यानें हुकूम काढला त्या खात्याकडे सोंपवून चालत नाहीं. खरें पाहतां तें आमच्यासारख्या संस्थेकडेहि सोंपवूं नये. कारण आम्ही एका पक्षाचे आहों, आणि आमचा हिशेब बिनचूक असला तरी दुसरा पक्ष त्यावर विश्वास ठेवणार नाहीं.

अशा अभ्यासाची परंपरा आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१७ सालीं मुंबई विद्यापीठानें आपल्या अर्थशास्त्र-मालेंतील पहिला ग्रंथ म्हणून डॉ. हॅरोल्ड मॅन यांची एका दख्खनी खेड्याची पाहणी प्रसिद्ध केली. डॉ. मॅन हे त्या काळीं पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. पुण्याजवळचें पिंपळे सौदागर हें गांव त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तपासलें. कोणाची जमीन किती, तिचे तुकडे किती, कर्ज किती, मिळकत किती, याची टीप केली. त्यांना असें आढळलें कीं, १७७१ सालीं त्या गांवीं दर धारणेचें सरासरी क्षेत्र ४० एकर होतें, तें १९१४-१५ सालीं ७ एकरांवर आलें होतें. शेतकरी आळशी आहे, लग्नकार्यांत हात सैल सोडतो, म्हणून तो कर्जांत बुडतो, असें त्या काळीं मोठमोठे लोकहि म्हणत असत. एका गांवच्या या आंकड्यांनीं त्या वादास नवा पाया मिळाला. पुढच्याच वर्षीं, १९१८ सालीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं लहान धारणांच्या प्रश्नावर निबंध लिहिला, आणि केवळ तुकडे जोडून काम भागणार नाहीं, शेतीवरचा माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळला पाहिजे, असा निराळा विचार मांडला. १९२७ सालीं मुंबईच्या कौन्सिलांत लहान धारणांसंबंधींचें बिल आलें व विरोधामुळें मागें पडलें. १९४७ सालीं तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. कायदा होऊनहि तुकडे थांबले नाहींत. कृषि गणनेप्रमाणें महाराष्ट्रांतील सरासरी धारणा १९७०-७१ सालीं ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ सालीं १.३४ हेक्टरवर आली. पिंपळे सौदागर तर आज पिंपरी-चिंचवड शहराच्या इमारतींत गडप झालें आहे. प्रश्न मिटला नाहीं, उलट वाढला. आणि एका विद्यापीठानें ज्याचें माप प्रथम छापून पुढें ठेविलें, त्याचें माप पुन्हां पुन्हां घेण्याची गरजहि त्याबरोबर वाढली.

१९३० सालीं रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगींतून पुण्यास गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. या संस्थेनें आरंभापासून जे विषय हातीं घेतले ते पाहण्यासारखे आहेत. पुण्याच्या बाजारांत फळें कशीं विकलीं जातात, याची पाहणी १९३३ सालीं प्रसिद्ध झाली. वाई तालुक्यांतील शेतीधंद्याची पाहणी १९४० सालीं बाहेर पडली. गोदावरी व प्रवरा या कालव्यांपासून प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ किती झाला, हें सांगणारा अहवाल १९४८ सालीं निघाला. कालव्याचा लाभ म्हणजे केवळ पाणीपट्टीचें उत्पन्न नव्हे. बागाइतामुळें मजुरास मिळणारें काम, गाडीवानाचें भाडें, पेठेंतील उलाढाल, हें सारें त्यांत धरलें पाहिजे, अशी ही दृष्टि होती. पुढें त्याच प्रवराकांठीं विठ्ठलराव विखे पाटील यांनीं शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारला, तेव्हां गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५० च्या अखेरीस त्या कारखान्याचें गाळप सुरू झालें. ज्यानें कालव्याचा हिशेब मांडला, त्याच्याच हातीं शेतकऱ्यांनीं आपला कारखाना विश्वासानें दिला. विद्वान आणि शेतकरी यांचा असा मेळ आपल्याच प्रांतांत बसला होता, हें आजच्या तरुण शेतकऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

हमी भावाविषयीं तर प्रत्येक सभेंत चर्चा होते. 'ए-२', 'सी-२' हीं अक्षरें आतां चावडीवरहि बोललीं जातात. तीं आलीं कोठून? १९५४-५५ पासून केंद्र सरकारच्या पैशानें देशांतील निरनिराळ्या भागांत शेती-व्यवस्थापनाच्या पाहण्या झाल्या. त्या वेळच्या मुंबई राज्यांत त्यासाठीं अहमदनगर व नाशिक हे जिल्हे निवडले होते. रोख खर्च कोणता, घरच्या माणसांच्या श्रमाची मजुरी धरावी कीं न धरावी, स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलाचें व्याज खर्चांत यावें कीं नाहीं, याचा काथ्याकूट त्या पाहण्यांत झाला, आणि त्यांतून खर्चाच्या या पायऱ्या निघाल्या. १९६५ सालीं कृषि मूल्य आयोग स्थापन झाला. १९७०-७१ पासून लागवडीच्या खर्चाची सर्वंकष योजना सुरू झाली. राज्याराज्यांत कृषि विद्यापीठें वगैरे संस्था तिचें काम करतात, आणि आपल्याकडे तें राहुरीच्या विद्यापीठाकडे आलें. २०१८ सालीं सरकारनें दीडपट भाव जाहीर केला तो रोख खर्च व घरची मजुरी यांच्या दीडपट. शेतकरी संघटना मागतात तो सर्व खर्चाच्या, म्हणजे 'सी-२' च्या, दीडपट. दोहोंतील अंतर केवढें, हें भांडण आज आपण आंकड्यांनीं करूं शकतों, तें सत्तर वर्षांपूर्वीं दिलेल्या अनुदानामुळें. तीं अक्षरें नसतीं तर आपल्या हातीं केवळ गाऱ्हाणें राहिलें असतें.

पीक विम्याचीहि हीच हकीकत आहे. एकेका शेतकऱ्याच्या शेतांत जाऊन त्याचें नुकसान मोजावयाचें, तर मोजणारे पुरणार नाहींत, आणि खऱ्याबरोबर खोटेंहि वाढेल. यावर वि. म. दांडेकर यांनीं १९७६ सालीं असा उपाय मांडला कीं, विम्याचा घटक एक शेत न धरतां एक विभाग धरावा. त्या विभागांत पीक-कापणी प्रयोग घेऊन सरासरी उत्पन्न काढावें. आणि तें ठरलेल्या उत्पन्नाच्या खालीं गेलें तर त्या विभागांतील विमेदार सर्व शेतकऱ्यांस भरपाई द्यावी. १९७९ सालीं या रीतीचा प्रयोग सुरू झाला, १९८५ सालीं देशव्यापी योजना आली, आणि २०१६ च्या पंतप्रधान पीक विमा योजनेचा गाभाहि तोच आहे. एका अभ्यासकाच्या लेखांतून कोट्यवधि शेतकऱ्यांच्या विम्याची रीत निघाली. परंतु ती रीत निर्दोष नाहीं. महसूल मंडळाची सरासरी बरी निघाली आणि ओढ्याकांठचें एकट्याचें शेत वाहून गेलें, तर त्यास सरासरीचा उपयोग काय? कापणी प्रयोगाचे प्लॉट किती असावे, उंबरठा उत्पन्न काढतांना मागील सात वर्षांतलीं उत्तम पांच वर्षें धरलीं तरी सतत दुष्काळी तालुक्यावर अन्याय होतो काय, हे प्रश्न अजून जिवंत आहेत. महाराष्ट्रांत २०२३ च्या खरिपापासून एका रुपयांत विमा सुरू झाला. बनावट अर्जांची ओरड झाली. आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद होऊन शेतकऱ्याचा हप्ता पुन्हां सुरू झाला. योजना चालू असतांनाच तिचा स्वतंत्र पडताळा घेण्याची कायम सोय असती, तर खऱ्या शेतकऱ्याची सवलत राखून खोटा अर्ज कसा गाळावा, याचें उत्तर वेळेवर मिळण्याचा संभव होता.

येथें आमच्या वाचकांपैकीं कांहींस कडू वाटेल अशी एक गोष्ट सांगणें आम्ही कर्तव्य समजतों. याच दांडेकरांनीं व त्यांच्या सहकाऱ्यानें १९४८ च्या मुंबई कूळ कायद्याचा अंमल कसा झाला, याची गांवोगांव चौकशी केली व १९५७ सालीं अहवाल प्रसिद्ध केला. त्या कामास नियोजन मंडळाच्या संशोधन समितीचें साह्य होतें. अहवालाचा निर्णय असा कीं, कायदा कागदावर राहिला. पुष्कळ कुळांनीं आपखुषीनें जमिनी सोडल्या असें दप्तरीं दिसतें, परंतु ती आपखुषी संशयास्पद आहे. हें सरकारास गोड लागण्याजोगें नव्हतें आणि जमीनदारांसहि नव्हतें. आमच्या वर्गांतील अनेक घराण्यांचा त्या काळचा व्यवहार त्यांत तपासला गेला. असें असूनहि आम्ही म्हणतों कीं, तो अहवाल निघाला हें योग्य झालें. कांद्याच्या हुकुमाचा हिशेब आम्हांस हवा आणि कुळाच्या जमिनीचा हिशेब नको, असें म्हणूं लागलों तर आमच्या मागणीस वजन राहणार नाहीं. बाजारांतील काटा व्यापाऱ्याकडे झुकूं नये म्हणून आपण भांडतों. मग तो आपल्याकडेहि झुकतां कामा नये.

आतां आजच्या अनुदानांची स्थिति पाहूं. १९६९ सालीं भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष आणि कोल्हापूरकडील जे. पी. नाईक पहिले सदस्य-सचिव; म्हणजे या कामाचा पायाहि आपल्याच माणसांनीं घातला. २०१८ सालीं केंद्र सरकारनें या परिषदेमार्फत सामाजिक शास्त्रांतील धोरणविषयक संशोधनाची 'इम्प्रेस' नांवाची एक खास योजना काढली. ३१ मार्च २०२१ पर्यंतची तिची मर्यादा होती, ४१४ कोटि रुपये ठरले होते आणि १५०० प्रकल्पांस, प्रत्येकीं दोन वर्षें, साह्य द्यावयाचें होतें. विषयांचे ११ गट केले होते व त्यांत शेती आणि ग्रामीण विकास हा एक गट होता. सर्व रक्कम प्रकल्पांवरच खर्च झाली असें धरलें, तरी दर प्रकल्पामागें सरासरी अठ्ठावीस लाखांच्या आंतच पडते. २०२३ सालीं राष्ट्रीय अनुसंधान प्रतिष्ठानाचा कायदा झाला. पांच वर्षांत ५०,००० कोटींचा अंदाज धरला, परंतु त्यांतील मोठा वांटा खाजगी वगैरे मार्गांनीं येईल अशी अपेक्षा ठेविली. आणि सामाजिक शास्त्रांस त्यांत जागा मिळाली ती विज्ञान व तंत्रविद्या यांच्याशीं जेथें त्यांचा संबंध येतो तेवढ्यापुरती. पिकाच्या रोगावर औषध शोधणारास त्या दारांतून सरळ आंत जातां येतें. त्या औषधाची किंमत शेतकऱ्यास कां परवडत नाहीं हें पाहणारास दाराशीं थांबून आपला संबंध सिद्ध करावा लागतो.

या व्यवस्थेंतील दोष आम्हांस असे दिसतात. पहिला दोष मुदतीचा. शेतीचा अभ्यास दोन वर्षांत पुरा होत नाहीं. दोहोंपैकीं एक वर्ष दुष्काळाचें आणि एक सुकाळाचें निघालें, तर सरासरी कशाची काढावी? विम्याचें उंबरठा उत्पन्न काढावयास सरकार स्वतः सात वर्षांचे आंकडे पाहतें, आणि त्याच विम्याचा अभ्यास दोन वर्षांत आटपावा अशी अपेक्षा होते. दुसरा दोष माणसांचा. कॉलेजांतून वर्षानुवर्षें जागा रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण अध्यापक काम रेटतात. ज्याची स्वतःची नोकरी पुढच्या जूनमध्यें राहील कीं नाहीं याची खात्री नाहीं, तो दहा वर्षें टिकणारी पाहणी कशी हातीं घेणार? तिसरा दोष भाषेचा. ज्या गांवांतून माहिती नेली तेथें अहवाल परत येत नाहीं. आणि आला तर इंग्रजींत येतो. चौथा दोष विषयाच्या निवडीचा. जो पैसा देतो तो विषय ठरवितो, आणि पुष्कळदां उत्तर कोणतें यावें हेंहि सुचवितो. दांडेकर व नीळकंठ रथ यांचा भारतांतील दारिद्र्यावरील प्रसिद्ध अभ्यास १९७१ सालीं निघाला, तो फोर्ड प्रतिष्ठान या परदेशी संस्थेच्या साह्यानें. त्या साह्यानें अभ्यासकांची लेखणी वांकली असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु स्वदेशांतील गरिबी मोजावयास परदेशांतून पैसा यावा, ही गोष्ट भूषणाची नव्हे.

आरंभीं सांगितलेल्या शेऱ्याचें उत्तर आतां देऊं. प्राध्यापकांस शेती कळत नाहीं, हा पहिला आक्षेप. कित्येकांस कळत नाहीं हें खरें. सातबाऱ्यावर ज्याचें नांव त्यालाच प्रश्न विचारून ते परत जातात, आणि त्याच घरांतील बाई पहाटेपासून निंदणी, धार आणि वैरण यांत किती तास राबली याची नोंद राहून जाते. घरच्या मजुरीचा आंकडा यामुळें कमी भरतो व हमी भावाच्या हिशेबांत तें नुकसान आपलेंच होतें. परंतु याचा उपाय पाहणी बंद करणें हा नसून ती नीट करविणें हा आहे. सरकार असे अहवाल वाचत नाहीं, हा दुसरा आक्षेप. पुष्कळदां वाचत नाहीं. तथापि हमी भावाची व विम्याची हकीकत वर दिली आहे. ज्या दिवशीं सरकारास उपाय हवा असतो त्या दिवशीं तयार अभ्यास असावा लागतो, तो त्या दिवशीं सुरू करून भागत नाहीं. हा पैसा प्रत्यक्ष मदतींत द्यावा, हा तिसरा आक्षेप. ४१४ कोटि रुपये देशांतील सर्व शेतकऱ्यांत वांटले तर एका पोत्या खताचीहि किंमत हातीं येणार नाहीं. उलट निर्यातीचा एक चुकीचा हुकूम टळला तर एका तालुक्याचें जें वांचेल तें या हिशेबांत कोठेंच दिसत नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, शेतकरी संस्थांनीं या अनुदानाची टवाळी न करतां तें वाढावें व सुधारावें म्हणून मागणी केली पाहिजे. शेतीविषयक धोरणाच्या पाहणीस निदान सात वर्षांची मुदत मिळावी आणि तिचे हप्ते वेळेवर पोंचावे. शेतीच्या मोठ्या योजनेच्या खर्चांतील लहानसा भाग तिच्याच स्वतंत्र पडताळ्यासाठीं आरंभींच बाजूस काढावा, आणि तो ती योजना चालविणाऱ्या खात्याकडे न देतां विद्यापीठाकडे द्यावा. निष्कर्ष प्रतिकूल आला म्हणून अहवाल दडपण्याचा अधिकार पैसा देणाऱ्यास असूं नये. अहवालाचा सारांश मराठींत छापून तो ज्या गांवचा असेल त्या ग्रामसभेपुढें वाचून दाखवावा, व गांवकऱ्यांचे आक्षेप त्यास जोडावे. कुटुंबांतील स्त्रियांच्या श्रमाची नोंद स्त्रियांसच विचारून व्हावी.

मागणी करतांना आपलेंहि कर्तव्य आपण पार पाडलें पाहिजे. पाहणी करणारा दारीं आला म्हणजे कर्ज वाढवून सांगावें आणि उत्पन्न कमी करून सांगावें, ही संवय सोडावी. सवलतीच्या आशेनें खोटा आंकडा दिला तर त्यावर बांधलेलें धोरणहि खोटें निघतें, आणि मग दोष प्राध्यापकास देऊन उपयोग नाहीं. लागवडीच्या खर्चाची वही प्रत्येकानें ठेवावी. विकास सोसायट्यांनीं व बाजार समित्यांनीं आपलीं जुनीं दप्तरें रद्दींत न घालतां अभ्यासकांस खुलीं करावीं. याहून एक पाऊल पुढें जातां येईल. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही संस्था १९७५ सालीं निघाली व सभासद कारखाने गाळपाच्या प्रमाणांत तीस वर्गणी देतात. ऊंसाच्या वाणासाठीं टनामागें पैसे देणें आपणांस जड गेलें नाहीं. ऊंसाचा दर, पाण्याची वांटणी आणि साखरेच्या विक्रीवरील निर्बंध यांचा अभ्यास करणाऱ्या एखाद्या अध्यापकासाठीं त्याच धर्तीवर जिल्ह्यांतील सहकारी संस्थांनीं मिळून विद्यापीठांत निधि ठेवावा. मात्र निधि ठेवून झाल्यावर त्याच्या लेखणीस हात लावूं नये.

आमच्या संस्थेच्या येत्या वार्षिक सभेपुढें या आशयाचा ठराव आणावा, अशी आमची सूचना आहे. ज्या सभासदांस वरील मागण्यांत कमीअधिक करावयाचें असेल, त्यांनीं आपलीं मतें कारणांसह लिहून पाठवावीं. विरोधी मतें प्रथम छापूं. एवढीच विनंति कीं, मत देण्यापूर्वीं प्रत्येकानें गेल्या पांच वर्षांचा आपला जमाखर्च काढावा, आणि त्यांतील किती नुकसान पावसानें व किडीनें केलें आणि किती एखाद्या हुकुमानें केलें, हें एकदां शांतपणें मोजून पाहावें.